१९६७ ची एमजीबी व्हिंटेज रेसिंगच्या १९७२ च्या नियमांत बसवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

डेट्रॉइटकर

नमस्कार मंडळी. गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर, डाव्या स्टीअरिंगची. इंजिन १८जीबी, म्हणजे १७९८ सीसी आणि पाच मेन बेअरिंगचं. गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, मागे बँजो एक्सल, तारांची चाकं, जोडीने एसयू एचएस४ कार्ब्युरेटर. गाडी सुरू होते, चालते. दोन्ही बाजूंच्या सिलवर (दरवाजाखालच्या लांब पट्टीवर) रंगाखाली फुगे आलेत. आधीच्या मालकाने पॉझिटिव्ह अर्थ आणि डायनामो तसाच ठेवला आहे.

ज्या क्लबात उतरायचं आहे तो १९७२ ची एससीसीएची (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) नियमावली आणि त्याच वर्षीची प्रॉडक्शन कार स्पेसिफिकेशन पायाभूत मानतो. सुरक्षेचे नियम मात्र आजचे. ट्रॅक बहुतेक वॉटरफर्ड हिल्स आणि जिंजरमन, वर्षातून एकदा रोड अमेरिका.

प्रश्न असे: काम कोणत्या क्रमाने करावं? इंजिन कितपत ताणावं? एसयू ठेवावेत की वेबर बसवावा? तारांची चाकं चालतील का? आणि अँबॅसडरचं इंजिनही बी-सिरीज होतं, मग भारतातून काही भाग मागवले तर बसतील का?

पत्रा_आणि_पाइप

इंजिनला हात लावू नका. सगळ्यात आधी क्लबकडून तुमच्या गाडीचं स्पेसिफिकेशनचं पान मागवा, छापा आणि गॅरेजच्या भिंतीवर लावा. कार्ब्युरेटरचा प्रकार आणि माप, रिमची रुंदी, गिअरचे आणि फायनल ड्राइव्हचे रेशो हे त्या पानावर असतं. प्रॉडक्शन वर्गाच्या नियमांची मेख एकच: जे करायला परवानगी लिहिलेली आहे तेवढंच करायचं. "मनाई कुठे लिहिलीय?" हा युक्तिवाद तपासणीच्या वेळी चालत नाही. पान वाचण्याआधी घेतलेला प्रत्येक सुटा भाग हा जुगार आहे.

आता सिल. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा जोर बॉडीच्या पत्र्यावर. बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल आणि खालची कॅसल रेल मिळून जी पेटी तयार होते तीच गाडीचा कणा. बाहेर फुगे दिसतायत म्हणजे आतला पडदा खालच्या कडेला गेलेला असण्याची शक्यता दाट आहे. पुढच्या आणि मागच्या मडगार्डची खालची टोकं सिलवर येतात, गंज तिथे लपतो. नुसता बाहेरचा पत्रा बदलून रंग मारला तर रोल बारचे (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीचे) पाय गंजलेल्या पत्र्यावर उभे राहतील.

सिल कापताना दोन गोष्टी सांभाळा. एक, दरवाजाच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा टेका आणि एक तिरपा टेका वेल्ड करून घ्या. दोन, गाडी जॅकच्या जागांवर न ठेवता पुढच्या क्रॉसमेंबरवर आणि मागच्या एक्सलवर तोला, म्हणजे चाकांवर उभी असताना वजन जसं पडतं तसंच पडेल. एका वेळी एकच बाजू. प्रत्येक टाक्यानंतर दरवाजा लावून पाहा. वरची फट मिटत चालली की बॉडी मधोमध खचतेय असं समजा आणि थांबा. अशा बॉडीत एकदा पिंजरा वेल्ड झाला की ती वाकडीच कायम होते, म्हणून आधी सिल, मग दरवाज्याच्या फटी, आणि त्यानंतरच रोल बार.

रोल बारची मापं क्लबच्या तक्त्यात गाडीच्या वजनानुसार असतात. या वजनाच्या गाडीला पावणेदोन इंच बाहेरचा व्यास आणि ०.१२० इंच जाडीचा डीओएम (साच्यावरून ओढून काढलेला) पाइप घेतला की वादाला जागा उरत नाही. शिवणीचा ईआरडब्ल्यू पाइप घेऊ नका. मुख्य कमानीत कमी ताणाच्या जागी ३/१६ इंचाचं भोक ठेवावं लागतं, त्यातून तपासनीस पाइपची जाडी मोजतो. पायाखालची प्लेट ३/१६ इंच, म्हणजे आपल्याकडच्या फॅब्रिकेटरच्या भाषेत दीड सूत, आणि पत्र्याच्या खालूनही तेवढीच दुसरी प्लेट, मधे किमान तीन बोल्ट, ३/८ इंचाचे. फरशीचा पत्रा इतका पातळ आहे की नुसती वरची प्लेट गाडी उलटली तर पत्रा फाडून खाली जाईल. पाय शक्यतो आतल्या सिलला चिकटून बसवा, म्हणजे जोर पेटीत उतरतो.

उंचीची चाचणी हेल्मेट घालून, पट्टे आवळून, रेसमध्ये असते त्याच सीटवर बसून करा. हेल्मेट कमानीच्या माथ्याच्या किमान दोन इंच खाली हवं. एमजीबीत हे सहज होत नाही. उंच माणसाला सीटची रनर काढून सीट थेट फरशीवर बोल्ट करावी लागते, म्हणून सीट आधी ठरवा आणि कमान नंतर वाकवा.

थाऊ_मास्तर

इंजिनाबद्दल मी लिहितो.

अँबॅसडरचा मुद्दा आधी निकालात काढू. तिचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं आहे, स्ट्रोकसुद्धा तोच, ८८.९ मिमी. पण बोअर ७३ मिमीच्या आसपास, तुमचा ८०.२६. शिवाय ते तीन मेन बेअरिंगचं. क्रँक, पिस्टन, हेड, यातलं काही तुमच्या ब्लॉकला लागणार नाही. टॅपेट, पुशरॉडसारखे बारीक भाग दिसायला सारखे असले तरी रेससाठी ते पारखून घेण्यापेक्षा एमजीबीचे नवे भाग घेणं शहाणपणाचं. इथे अमेरिकेत ते सगळे मिळतात.

आता ताणायचं किती. मूळ इंजिन ८.८ कॉम्प्रेशनवर ५४०० आरपीएमला ९५ अश्वशक्ती देतं. पहिल्या दोन हंगामांसाठी ६५०० ची मर्यादा ठरवा आणि त्याभोवती सगळं बांधा. ७००० च्या वर जायचं तर चांगल्या स्टीलचे रॉड, क्रँक, सगळंच बदलत जातं आणि खर्च थांबत नाही. पाच बेअरिंगचा तळ ६५०० ला नीट टिकतो, पण तो नीट जुळवलेला हवा.

बोअर: बहुतेक यादींत ०.०४० इंचापर्यंत वाढवायला परवानगी असते, तुमच्या पानावर खात्री करा. ०.०४० वर क्षमता १८४५ सीसी होते. ब्लॉक आधीच ०.०३० वर गेला असेल तर हाच शेवटचा घास आहे, म्हणून आत्ता गरज नसेल तर ०.०२० वर थांबा. टॉप रिंगची फट ०.०१३ ते ०.०१५ इंच. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलूनच मोजा, बोटाने ढकललेली रिंग तिरपी बसते आणि माप खोटं येतं. मेन कॅप ७० फूट-पाउंड, हेडचे मूळ नट ४५ ते ५०. एआरपीचे स्टड वापरलेत तर त्यांचं वंगण आणि त्यांचाच आकडा. मूळ आकडा आणि नवं वंगण असं मिसळलं की स्टड जास्त ताणला जातो.

क्रँकच्या पुढच्या पुलीकडे विशेष लक्ष द्या. १८जीबीच्या पुलीत दोन कड्यांमध्ये रबर आहे. ते पन्नासहून जास्त वर्षांचं आहे. रबर सुटलं की बाहेरचं कडं आतल्यावर सरकतं आणि टायमिंगची खूणही सोबत सरकते. मग टायमिंग लाइटने ३२ अंश दिसतात, प्रत्यक्षात ४० असतात, आणि पिस्टनला भोक पडतं. पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) शोधा, खूण त्याच्याशी जुळते का पाहा, आणि कडं व हब दोन्हींवर मिळून एक रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की पुली बाद. सगळ्यात चांगलं म्हणजे नवा डँपर, यादीत चालत असेल तर.

कॉम्प्रेशन हिशोबाने ठरवा, हेड अंदाजाने घासू नका. ०.०४० बोअरवर एका सिलिंडरची क्षमता ४६१ सीसी. १०.५ कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर असताना एकूण जागा ४६१ ÷ ९.५, म्हणजे ४८.५ सीसी. दाबलेली हेड गॅस्केट सुमारे ४.३ घेते, पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून पाव मिलिमीटर खाली असेल तर १.३. सपाट पिस्टन धरले तर चेंबरला ४३ च्या आसपास उरतात. मूळ हेडच्या चेंबरचं माप जवळपास तेच आहे, म्हणजे सपाट पिस्टनने हेड जवळजवळ न घासता १०.५ मिळतं. पिस्टनला वाटी असेल तर ती आधी मोजा, सगळा हिशोब तिथेच फिरतो. १०.५ च्या वर पंपावरच्या ९३ ऑक्टेनच्या भरवशावर जाऊ नका.

मोजायची रीत अशी: हेड उलटं, किंचित तिरपं. व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर, व्हॉल्व्हच्या सीटला ग्रीसचा बारीक हात. चेंबरभोवती ग्रीसची रेघ ओढून वर एक भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी दाबून बसवा, भोक वरच्या बाजूला. ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट थेंबथेंब सोडा. शेवटचा बुडबुडा भोकाशी येऊन अडतो. हेड हलकेच कलतं करा, बुडबुडा निघाला की आणखी दोनतीन थेंब, आणि तेव्हाचा आकडा घ्या. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत आणा. सगळ्यात मोठ्या चेंबरला बाकीचे तीन जुळवायचे असतात, कारण धातू काढता येतो, घालता येत नाही.

हेड घेण्याआधी भेगांची तपासणी करून घ्या. या हेडला एक्झॉस्टची तीनच दारं आहेत. २ आणि ३ नंबरचं एकत्र मधून बाहेर पडतं, तिथला पूल सगळ्यात तापतो आणि सीटच्या कडेला भेग तिथेच पडते. इनलेटची दोनच दारं: १-२ चं एक, ३-४ चं एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्याने २ चा इनलेट पुरता मिटायच्या आत १ चा उघडतो आणि २ च्या वाट्याचं मिश्रण ओढतो. ३ आणि ४ चंही तसंच. म्हणून फार लांब ड्यूरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम या इंजिनाला मानवत नाही. कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा कॅम घेतला तर ४५०० च्या खाली इंजिन मेलेलं असतं, आणि वॉटरफर्ड हिल्ससारख्या छोट्या ट्रॅकवर तुम्ही वळणातून त्याच पट्ट्यात बाहेर पडता. मध्यम कॅम घ्या आणि तो डिग्री व्हीलवर लावा. मूळ कॅमचा इनलेट टीडीसीनंतर ११० अंशांवर पूर्ण उघडतो. नव्या कॅमचा आकडा त्याच्या कार्डावर असतो. नुसत्या साखळीच्या खुणा जुळवल्या तर ४-५ अंशांची चूक राहू शकते.

जोडणीआधी पिस्टनवर प्लास्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. इनलेटला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच जागा हवी. हेड घासलेलं आणि कॅम उंच असेल तर व्हॉल्व्हची कड ब्लॉकच्या माथ्यालाही लागू शकते, तिथेही थोडं प्लास्टिसिन लावा.

नवा कॅम आणि टॅपेट असतील तर पहिली २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर, आयडलला अजिबात नाही. टॅपेटला तेल क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं, आयडलला ते पुरेसं उडत नाही आणि कॅमचा उंचवटा घासून गोल होतो. तेल २०डब्ल्यू-५०, झिंक जास्त असलेलं. सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरवर प्रेशर येईपर्यंत फिरवा.

एसयू की वेबर: पानावर जे आहे ते. एमजीबीच्या एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ) कागदांत ४५ डीसीओई वेबर आहे म्हणून अमेरिकेतल्या १९७२ च्या यादीवर चालणाऱ्या क्लबात तो चालेलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर नीट लावलेले एचएस४ या पातळीला पुरतात. थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजलेली असतील तर आधी ती बुश करा. तिथून हवा शिरत असेल तर कोणतीही सुई लावा, मिश्रण जुळत नाही. मूळ सुई ५ नंबर, त्याहून जाड मिश्रणाची ६. ६ पासून सुरुवात करा. पेट्रोलचं प्रेशर ३ पीएसआयच्या आत, नाहीतर फ्लोटची सुई उघडीच राहते. सरळ रस्त्याच्या शेवटी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून, क्लच दाबून पिटमध्ये या आणि प्लग पाहा. प्लग मूळपेक्षा थंड, एनजीके बीपी७ईएस किंवा बीपी८ईएस. एकूण अ‍ॅडव्हान्स ३२ अंशांपासून. व्हॅक्यूमची नळी बंद.

संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) दारांचा बॅफल बसवा. लांब वळणात तेल एका बाजूला चढतं, पिकअप उघडा पडतो आणि प्रेशरचा काटा क्षणभर पडतो. तो क्षणच बेअरिंग खातो, काटा परत वर आला म्हणून काही बिघडलं नाही असं समजू नका.

डेट्रॉइटकर

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पान मागवलं आहे. दरम्यान पुढचे हब उघडले. एका बाजूला दोन बेअरिंगच्या मधे शंकूसारखा स्पेसर आणि पातळ शिम निघाले, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. विकत घेतलेल्या बेअरिंगच्या किटमध्येही स्पेसर नाही. एका गॅरेजमध्ये सांगितलं की स्पेसरची गरज नाही, नट हाताने आवळून थोडा मागे घ्या, सगळ्या टेपर बेअरिंग तशाच लावतात. हे बरोबर आहे का?

साडेतीन_सूत

नाही. स्पेसर नसलेल्या बाजूचा स्टब अ‍ॅक्सल (ज्यावर हब फिरतो तो दांडा) आत्ताच बाजूला ठेवा आणि भेगांसाठी मॅग्नेटिक तपासणी केल्याशिवाय परत लावू नका.

बाकीच्या बऱ्याच गाड्यांत नट मागे घेऊन खेळ ठेवतात हे खरं. एमजीबीत तो स्पेसर खेळ ठरवण्यापुरता नाही. नट आवळला की आतली रेस, स्पेसर, शिम, बाहेरची रेस आणि वॉशर हे सगळं मिळून एक घट्ट नळी तयार होते आणि ती नळी बारीक स्टबला वाकू देत नाही. स्पेसर काढला तर वळणातला सगळा जोर एकट्या दांड्यावर येतो. रोजच्या रस्त्यावर ते वर्षानुवर्षं कळत नाही. चिकट टायर लावून रेसला गेलं की दांडा प्रत्येक वळणात कणभर वाकतो, मुळाशी भेग धरतो आणि एक दिवस चाक हबसकट निघून जातं.

लावायची रीत: हब, दोन्ही बेअरिंग, स्पेसर, ग्रीस अगदी कमी. शिम मुद्दाम जास्त घाला, खेळ हाताला जाणवेल इतके. नट ४० फूट-पाउंडला आवळा, हब फिरवत फिरवत. डायल गेज डिस्कच्या हबवर टेकवून हब आत-बाहेर ओढा, आकडा लिहा. ०.००२ ते ०.००४ इंच खेळ हवा. शिम ०.००३, ०.००५ आणि ०.०१० चे मिळतात, जेवढा खेळ जास्त तेवढ्या जाडीचे काढा. पुन्हा जोडा, पुन्हा ४०, पुन्हा मोजा. आकडा बरोबर आला की कॉटर पिनचं भोक जुळेपर्यंत नट पुढे घ्या, ७० च्या आत जुळतं. मागे कधीच घ्यायचा नाही. जुळलंच नाही तर वॉशर बदला.

याचा ब्रेकशी थेट संबंध आहे. हबमध्ये जास्त खेळ असला की वळणात डिस्क हलते, पिस्टन कॅलिपरमध्ये मागे ढकलले जातात आणि पुढच्या ब्रेकिंगला पेडल पहिल्यांदा खोल जातं, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. लोक ब्लीडिंग करत बसतात, मास्टर सिलिंडर बदलतात. दोष हबमध्ये असतो.

ब्रेकचं बाकी थोडक्यात. पुढची १०.७५ इंची डिस्क आणि मूळ कॅलिपर या वजनाला पुरेसे आहेत, पॅड रेसचे हवेत आणि डिस्कच्या मध्याकडे येणारी तीन इंची हवेची नळी. तुमच्या वर्षाच्या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला, म्हणून क्लब परवानगी देत असेल तर दुहेरी मास्टर बसवाच. नाहीतर सगळ्या रबरी नळ्या आणि मागच्या एक्सलवरच्या धातूच्या नळ्या नव्या करा. फ्लुइड उच्च उत्कलनबिंदूचं डॉट ४, प्रत्येक रेसच्या आधी ब्लीड. सिलिकॉनचं डॉट ५ घालू नका, गरम झाल्यावर पेडल स्पंजासारखं होतं.

तारांची चाकं: नियमात बसली तरी माझं मत, रेसला नकोत. सुटे स्पोक ढिले होतात, हबवरचे दाते झिजतात. वापरायचीच तर ७२ स्पोकची, आणि प्रत्येक सेशननंतर पान्याने प्रत्येक स्पोक वाजवून पाहा, मेलेला आवाज आला की चाक बाद. बोल्टच्या चाकांवर जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा: तारांच्या चाकांचा एक्सल बोल्टच्या चाकांच्या एक्सलपेक्षा अरुंद असतो. नुसते हब बदलले तर ट्रॅकची रुंदी बिघडते. त्यामुळे अ‍ॅडॉप्टर हब किंवा पूर्ण एक्सल, यांपैकी पानावर काय चालतं ते पाहा.

बँजो एक्सल तुमच्या फायद्याचा आहे, कारण एमजीएचे गिअर त्यात बसतात: ४.१, ४.३, ४.५५. तुमचा मूळ ३.९०९. टायरचा व्यास २४ इंच धरला तर ६५०० आरपीएमला चौथ्या गिअरमध्ये ३.९०९ वर ताशी १९१ किमी, ४.३ वर १७४, ४.५५ वर १६४. वॉटरफर्डला ४.५५ छान, पण त्याच गिअरने रोड अमेरिकाच्या ४.०४८ मैलांच्या ट्रॅकवरच्या लांब सरळ रस्त्यांवर इंजिन मर्यादेला टेकून ओरडत राहील. एकच घ्यायचा तर ४.३. बँजोमध्ये पूर्ण डिफरन्शियल समोरून आठ-दहा नट काढून बाहेर येतं, म्हणून दुसरा गोळा तयार करून ठेवला की शुक्रवारी संध्याकाळी बदलता येतो.

सस्पेन्शनमध्ये पुढचे लीव्हर डँपर हेच वरचा विशबोनही आहेत, त्यांच्या दांड्याला खेळ असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) स्वतःच बदलत राहतो. आधी ते दुरुस्त, मग ४८० ते ५५० पाउंडच्या स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या सेशननंतर पुन्हा आवळा, नवे रबरी पॅड बसतात आणि नट ढिले पडतात.

क्लचचं बेअरिंग कार्बनचं आहे. ग्रिडवर पेडल दाबून उभं राहायचं नाही, न्यूट्रलमध्ये थांबा.

पत्रा_आणि_पाइप

सुरक्षेच्या राहिलेल्या कामांची पुरवणी. पट्ट्यांचे आयबोल्ट ७/१६ इंच, २० आट्याचे, आणि पत्र्यामागे प्लेट. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा जरा खाली बांधा, २० अंशांपेक्षा जास्त उतार नको. फरशीला बांधलेले पट्टे अपघातात मणका खाली दाबतात. एसएफआयच्या (अमेरिकेतली सुरक्षा साधनांची प्रमाणन संस्था) पट्ट्याचं आयुष्य शिक्क्यावरच्या तारखेपासून दोन वर्षं, म्हणून ते सगळ्यात शेवटी विकत घ्या. बांधणीला दीड वर्ष लागलं तर आधी घेतलेल्या पट्ट्यांचं गाडी ट्रॅकवर येईपर्यंत जेमतेम सहा महिन्यांचं आयुष्य उरलेलं असेल.

मास्टर स्विच: तुमच्या गाडीत डायनामो आहे. नुसती बॅटरी तोडली तर इंजिन चालूच राहतं, कारण डायनामो कॉइलला वीज देत राहतो. स्विचच्या दुसऱ्या जोडीतून कॉइलचा फीडही तोडा. तपासनीस इंजिन २००० वर ठेवून स्विच फिरवतात, ते बंद पडायलाच हवं. ६५०० च्या रेव्हला जुन्या डायनामोचा आर्मेचर सुटण्याची भीती असते, म्हणून मोठी पुली तरी लावा किंवा अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ करा. अर्थ बदललात तर टॅकोमीटर आतून बदलावा लागतो, १९६७ चा टॅको पॉझिटिव्ह अर्थचा आहे. सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एकच बारा व्होल्टची, धातूच्या पट्टीने आवळलेली, पॉझिटिव्ह टोक झाकलेलं.

कॅच टँक दोन, प्रत्येकी किमान एक क्वार्ट: एक इंजिनच्या ब्रीदरचा, एक रेडिएटरचा. रेडिएटरमध्ये साधं पाणी आणि गंजविरोधी द्रव. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर तेलासारखं घसरतं. डिकी आणि केबिनमधली प्रत्येक फट पत्र्याने बंद करा, वायरिंगची भोकंसुद्धा. फ्युएल सेल बसवणार असाल तर बॅगचं आयुष्य पाच वर्षं धरा. आतला फोम कुजला की त्याचा भुसा एसयूच्या फ्लोटच्या सुईत जाऊन बसतो.

डेट्रॉइटकर

स्टब तपासला, मुळाशी केसासारखी भेग दिसली. नवा मागवला, स्पेसर आणि शिमचा संचही. चांगल्या बाजूला आज मोजलं: ४० फूट-पाउंडला ०.०११ इंच खेळ. आत ०.०१० चा एक, ०.००५ चा एक आणि ०.००३ चे दोन शिम आहेत. कोणते काढू?

साडेतीन_सूत

०.००५ चा एक आणि ०.००३ चा एक. खेळ ०.००३ यायला हवा. शिम पुसून, तेलाचा थर न ठेवता परत लावा, चिकटलेल्या ग्रीसमुळे थाऊभर (इंचाचा हजारावा भाग) चूक येते. आकडा दोनदा सारखा आला की हब काढून बेअरिंगमध्ये पूर्ण ग्रीस भरा, ४० ला आवळा आणि भोक जुळेपर्यंत पुढे. नवी कॉटर पिन. निघालेले दोन शिम बाजूच्या नावाची चिठ्ठी लावून डबीत ठेवा, पुढच्या बेअरिंगच्या वेळी लागतील.